शेंडा सोडलेले कंट्रोलर

ज्या दिवशी त्यांच्या गावच्या टेकडीवरच्या टाकीत पाणी पडले, त्याच दिवशी दुपारनंतर मांजरसुंब्याचे वाहतूक नियंत्रक रजा मंजूर नसताना नगरच्या गाडीत बसले आणि निघून गेले. दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. या दिवसांत एसटीत कोणाला रजा मिळत नाही, हे त्यांनी स्वतः कितीतरी चालक-वाहकांना ऐकवले होते. काही दिवसांनी ते कामावर हजर झाले. त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात आला. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मी तोवर बदली होऊन नांदेडला गेलो होतो. आमची भेट झाली नाही.

त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत. गावातले म्हणत, रस्त्यावरचे ढाबेवाले म्हणत, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली तर त्यांची पत्नीही तेच म्हणे.

मांजरसुंब्याला चार बाजूंचे रस्ते मिळतात. ढाबे, पंक्चरची दुकाने, हंगामात ऊसतोडीला निघालेल्या माणसांनी भरलेले ट्रक, आणि या सगळ्याच्या कडेला पत्र्याची एक कॅबिन. मी तेव्हा एका दैनिकाचा तिथला वार्ताहर होतो. फोन लागत नसे. लागला तर पलीकडचे ऐकू येत नसे. बातम्या कागदावर लिहून, पाकिटात घालून, औरंगाबादच्या गाडीच्या वाहकाकडे द्यायच्या. तिकडे कार्यालयाचा माणूस पाकीट उतरवून घेई. गाडी थांबवणे, पाकीट योग्य वाहकाच्या हाती पडणे, हे सारे कंट्रोलरच्या मर्जीवर होते. ते पाकीट आधी तळहातावर तोलून बघत.

"आज पाण्याचं काही न्हाई वाटतं. हलकं लागतंय."

दुष्काळाची वर्षे होती. माझ्या पाकिटात पाण्याशिवाय दुसरे काही क्वचितच असे.

अंगाने ते किडकिडीत आणि उंच होते. खाकी पँट, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला उन्हातही काही नाही. गाडी उशिरा आहे असे ते कधीच म्हणत नसत. प्रवाशाने विचारले की खिडकीतून उत्तर येई, "घाटात हाय." गाडी नगरहून निघालीच नसली तरी ती घाटातच असे. पुढे हे उत्तर ते कशालाही देऊ लागले. मुलीचे लग्न ठरले का? घाटात हाय. पाऊस? घाटात हाय. एकदा एका तालुका पुढाऱ्याने कॅबिनीत डोकावून, आपल्या पक्षाचे तिकीट कोणाला मिळेल असे वाटते, असे विचारले. त्यालाही तेच उत्तर मिळाले आणि तो समाधानाने गेला.

एसटीच्या कर्मचाऱ्याला वर्षातून काही दिवस फुकट प्रवासाचा पास मिळे. बाकीचे त्यावर कुटुंबासह तुळजापूर, कोल्हापूर, शिर्डी करीत. कंट्रोलर दिवाळीची गर्दी ओसरली की रजा टाकत आणि डोंगर चढायला जात. तोरणा, साल्हेर, हरिश्चंद्रगड. पाठीवरच्या पिशवीत ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी, एक घोंगडी. बीड जिल्ह्यातून माणसे हंगामाला बाहेर पडतात ती ऊस तोडायला. हौसेने डोंगर चढायला जाणारा माणूस लोकांना समजत नसे.

"कोणता देव हाय वर?" ढाब्यावर एकाने त्यांना विचारले.

"न्हाई, देव नसला तरी जातो."

"मंग काय हाय?"

"वर हाय," कंट्रोलर म्हणाले.

ही ओढ त्यांना नोकरीच्या सुरुवातीला लागली. त्यांची पहिली नेमणूक अकोले तालुक्यात वाहक म्हणून झाली होती. राजूरहून बारीला जाणारी गाडी त्यांच्याकडे असे. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचे गाव. गाडी तिथे पोचे, माणसे उतरत, माणसे चढत, आणि गाडी फिरे. राज्यातले सगळ्यात उंच शिखर त्यांच्या खिडकीसमोर उभे असे आणि त्यांना घंटी वाजवावी लागे. "रोज पायथ्याला जायचो, रोज तिथनंच वळायचो," ते सांगत. पुढे बदली मागून ते बीडला आले, आणि मगच पासावर डोंगर सुरू झाले. कळसूबाई त्यांनी मागे ठेवली होती. ती घरची आहे, तिच्याकडे कधीही जाता येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

तेवढ्यात गावात संस्था निघाली.

लिंबागणेशच्या पुढे पठारावर त्यांचे गाव. डोंगराखाली साठवण तलाव होता, गाव वर. तलावातले पाणी मोटारीने चढवायचे, गावाजवळच्या टेकडीवर टाकी बांधून तिच्यात सोडायचे, तिथून ते चाऱ्यांनी आपोआप शेतांत उतरेल, अशी ती योजना. त्यासाठी शेतकऱ्यांनी मिळून उपसा सिंचनाची सहकारी संस्था काढली. कंट्रोलरचे शाळेपासूनचे मित्र तिचे चेअरमन झाले. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा, टोपी कधी न उतरवणारा माणूस. कंट्रोलर सभासद होते. वडिलांची कोरडवाहू जमीन त्यांच्या नावावर होती.

आमच्याकडे काशीला गेलेला माणूस तिथे एखादे फळ किंवा भाजी सोडून येतो. पुन्हा ती खात नाही. सोडायचे ते आवडते असावे लागते. नावडते सोडले तर त्याला सोडणे म्हणत नाहीत. संस्थेच्या पहिल्या सभेत, मारुतीच्या पारावर, चेअरमननी ही रीत पाण्याला लावली. टाकीत पाणी पडेपर्यंत प्रत्येक घराने एक आवडती गोष्ट सोडायची. ही सभा मी पाहिलेली नाही. निरनिराळ्या माणसांनी ती मला निरनिराळी सांगितली. पुढचा भाग मात्र सगळ्यांच्या सांगण्यात सारखा होता.

कोणी तंबाखू सोडली, कोणी चहा. एका म्हाताऱ्याने सीताफळ सोडले. बालाघाटात राहून सीताफळ सोडणे ही साधी गोष्ट नाही. चेअरमननी पान सोडले. कंट्रोलरची पाळी आली.

"मी डोंगराचा शेंडा सोडला."

"काय सोडला?"

"डोंगर चढीन. शेंड्यावर पाय ठेवणार न्हाई. टाकीत पाणी पडंस्तोवर."

पार हसायला लागला. "डोंगर काय खायाचा अस्तो का बे?" चेअरमन म्हणाले. "काय तरी नीट सोड. चहा सोड."

"चहा मला आवडत न्हाई."

त्यांच्या पत्नीने, आम्ही वहिनी म्हणत असू, दिवाळीला माहेरी जाणे सोडले. त्यावर कोणी हसले नाही.

तंबाखू महिनाभर टिकली. चहा त्याहून कमी. सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहिल्या वर्षातच काहीतरी पळवाट काढली. एकाने चहा सोडला होता म्हणून तो कॉफी पिऊ लागला. कंट्रोलर दरवर्षी डोंगरावर जात राहिले. शेंड्याच्या जरा खाली, जिथून वरचा आणखी एक टप्पा तेवढा उरतो, तिथे ते बसत. बरोबर आलेल्यांना वर पाठवत. ते उतरून आले की विचारत, "काय दिसलं?"

इथे लोक अडत. "लई भारी दिसतं," असे म्हणून मोकळे होत.

"भारी म्हंजे काय? पाणी कुठं दिसतं? कुठल्या बाजूला? रस्ता दिसतो का? रस्त्यावर गाडी दिसती का?"

एका वर्षी बरोबर आलेल्या वाहकाने सांगितले की वरून काही विशेष दिसत नाही. त्याला त्यांनी पुन्हा कधी नेले नाही.

माझी निवड झाली ती कपिलधारला. मांजरसुंब्याजवळचा हा धबधबा त्या वर्षी कोरडा होता. आम्ही यात्रा नसलेल्या दिवशी गेलो. कंट्रोलर पायऱ्यांवर बसले आणि मला म्हणाले, "खाली जाऊन बघून या. मग मला सांगा." मी जाऊन आलो.

"धबधबा कोरडा आहे," मी सांगितले.

"ते मला हितूनबी दिसतंय. अजून?"

मी सांगितले की कातळावर पाणी पडत असे तिथे काळा पट्टा उरला आहे. त्यावरचे शेवाळ वाळून पापुद्रे सुटले आहेत. खाली एका फटीतून थेंब पडतो, आणि त्या थेंबाखाली एका बाईने कळशी लावून ठेवली आहे. बाई सावलीत झोपली आहे.

"हां," कंट्रोलर म्हणाले. "आता दिसलं. या वर्षी चला माझ्यासंगं."

अशा रीतीने मी त्यांच्यासाठी रतनगडाच्या माथ्यावर गेलो, हरिश्चंद्रगडाच्या तारामती शिखरावर गेलो. ते खाली बसत, मी वर जाई. ज्या माथ्यांवर ते पूर्वी स्वतः गेले होते, तिथेही ते आता मला पाठवत आणि सगळे पुन्हा विचारत. आता काय दिसते, ते त्यांना हवे असे. मी सांगत असताना ते डोळे मिटत नसत. माझ्या तोंडाकडे बघत. "कडा उजवीकडं तुटलाय म्हणलात. किती वळून तुटलाय? हातानं दाखवा." मी हाताने दाखवी. ते तसाच हात करून बघत. डोंगर "सर केला" असे मी एकदा बातमीच्या सवयीने म्हणालो. ते म्हणाले, "डोंगरावर गेलतो म्हणा. डोंगराला काय झालं?"

मी एकदा विचारले, एवढे वाटते तर वर का जात नाही. कोण बघायला येणार आहे?

"कुणीच न्हाई," ते म्हणाले.

योजनेचे उद्घाटन झाले त्या दिवशी मी परळीला होतो. उद्घाटनाची बातमी प्रसिद्धिपत्रकावरून छापून आली. पुढारी आले, टेकडीवर मंडप पडला, झडप फिरवली, टाकीतून चारीत पाणी आले, बायकांनी चारीला हळदकुंकू वाहिले. ज्यांचे सोडलेले अजून टिकले होते त्यांनी ते त्याच दिवशी धरले. सीताफळवाल्या म्हाताऱ्याला लोकांनी जबरदस्तीने सीताफळ भरवले. चेअरमननी पान खाल्ले. त्या दिवाळीला वहिनी माहेरी गेल्या.

त्यानंतर टाकीत पाणी आले नाही. आधी वीज नव्हती. मग पाइप फुटला. मग तलावाने तळ गाठला.

कंट्रोलर त्या वर्षीही शेंड्याखाली बसले.

गावात याचा अर्थ लगेच लागला. कंट्रोलर चढला नाही, म्हणजे पाणी आले नव्हते. ते कोणाला काही बोलले नाहीत, त्यांनी कोणावर आरोप केला नाही, पण संस्थेच्या कोणत्याही सभेत पाण्याचा विषय निघाला की मागून आवाज येई, "कंट्रोलर चढला का?" चेअरमननी फुटलेली पाइपलाइन दुरुस्त करायला श्रमदानाची हाक दिली. पाइप जमिनीत खोल होता, खणायला माणसे हवी होती. दोन-चार लोक आले. बाकीच्यांचे म्हणणे एकच होते: कंट्रोलरने शेंडा धरला की आम्ही कुदळ धरतो.

वहिनींना मी त्या काळात विचारले, की तुम्हाला काय वाटते. त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. कंट्रोलर समोरच बसले होते.

"मी गेले माहेरी," वहिनी म्हणाल्या. "पाणी खरं का खोटं, ते मी बघत बसले न्हाई. माझी आई थकली होती. डोंगराचं तसं न्हाई. डोंगर काय मरतो का?"

"मी काय म्हणलो तुला?" कंट्रोलर म्हणाले.

"तुमी काही म्हणत न्हाईत, तेच तर हाय."

मग चेअरमन कॅबिनीत आले. मी पाकीट द्यायला गेलो होतो, म्हणून हे बोलणे मी ऐकले.

"एक फोटो काढ बे," चेअरमन म्हणाले. "कुठल्याबी शेंड्यावर उभा ऱ्हा, मी खटका दाबतो, संपलं. हापिसात लावतो. लोक कामाला येतील."

"पाणी पडू दे."

"पडलं की! साऱ्या गावानं बघितलं."

"बघितलं ना गावानं? मग गावाला माझा फोटो कशाला पायजे?"

चेअरमन बाकावर बसले. टोपी डोक्यावरच फिरवली. "तुझ्या एका पायासाठी संस्था अडलीय, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मंग सगळ्यात उंच कोणता हाय ते सांग. मी येतो संगं. तू कसा चढत न्हाई तेच बघतो."

कंट्रोलरने खिडकीबाहेर बघितले. लातूरची गाडी लागत होती. त्यांनी आधी तिची नोंद घेतली, वाहकाला हात केला. मग म्हणाले, "कळसूबाई."

थंडीच्या दिवसांत आम्ही गेलो. कंट्रोलर, चेअरमन आणि मी. चेअरमननी बीडच्या एका फोटोग्राफरकडून कॅमेरा मागून आणला होता आणि तो गळ्यात घालून ते गाडीत बसले होते. कंट्रोलर नगरपर्यंत गप्प होते. संगमनेरच्या पुढे त्यांनी खिडकीची जागा मागून घेतली. राजूर सोडल्यावर ते आम्हाला प्रत्येक थांब्याचे नाव, गाडी थांबायच्या आधी, सांगू लागले. बारीला गाडी थांबली. आम्ही उतरलो. गाडी वळून परत जाईपर्यंत कंट्रोलर रस्त्यात उभे राहून तिच्याकडे बघत होते.

पायथ्याशी एक चहाचे हॉटेल आहे. हॉटेलवाल्याने कंट्रोलरला ओळखले नाही. त्यांच्या वाहकपणाच्या काळातला हॉटेलवाला याचा बाप होता.

चेअरमनना चढ झेपत नव्हता. थांबत, शिव्या देत, टोपीने वारा घेत ते चढले. लोखंडी शिड्या लागल्या तेव्हा त्यांनी त्या हलवून बघितल्या. "हे काम कुण्या सोसायटीनं केलं बे? मजबूत हाय." कंट्रोलर पुढे होते. दर वळणावर ते थांबत, पण मागच्यांसाठी नाही; वर बघायला.

माथ्याच्या खाली, वरच्या शिडीच्या अलीकडे, थोडी सपाटी आहे. तिथे एक विहीर आहे. विहिरीत पाणी होते. चेअरमन काठावर ओणवे झाले आणि तसेच राहिले.

"एवढ्या उंचावर?" ते म्हणाले. "मोटार न्हाई, पाइप न्हाई. वर चढवलं कुणी?"

"चढवलं न्हाई," कंट्रोलर म्हणाले. "हाय."

ते शिडीजवळच्या दगडावर बसले. चेअरमननी कॅमेऱ्याचे झाकण काढले.

"चल. ऊठ आता."

"तू जा."

"कंट्रोलर, हे बघ..."

"तू जा. बघ. खाली येऊन मला सांग, पाणी कुठं दिसतं. काहीबी सांग. खोटं सांगितलंस तरी मला कळणार न्हाई."

चेअरमन आणि मी वर गेलो.

माथ्यावर लहान देऊळ आहे. हवा स्वच्छ होती. उत्तरेकडे सपाट मुलूख, शेतांचे तुकडे. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे गड एका ओळीत, कडे तासल्यासारखे. दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी. डोंगरांच्या मधून ते आत शिरलेले होते, त्याला फाटे फुटले होते, आणि ते भरलेले होते. चेअरमन देवळाच्या बाजूने एकदा फिरून आले आणि मग पाण्याच्या बाजूला तोंड करून उभे राहिले. कॅमेरा गळ्यात होता. त्यांनी एकही फोटो काढला नाही. मी उतरू या म्हणालो तेव्हा त्यांना ऐकू गेले नाही. पुन्हा म्हणावे लागले.

खाली कंट्रोलर उभे राहिले होते.

"पाणी कुठं दिसतं?"

"दक्षिणंला."

"किती?"

"लई." चेअरमन दगडावर बसले. "डोंगराच्या बगलंत शिरलंय. निळं न्हाई. काळं दिसतं. वर ऊन पडतं तिथं पांढरं."

"अजून?"

"कुणी न्हाई बे तिथं. माणूस न्हाई, बादली न्हाई, रांग न्हाई. नुसतं पडून हाय."

कंट्रोलर त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"आपलं टँकरचं होतं," चेअरमन म्हणाले.

"म्हाईत हाय."

"कसं म्हाईत?"

"टँकरवाल्याला आपलं गाव म्हाईत नव्हतं. कॅबिनीशी येऊन त्यानं रस्ता विचारला. मीच सांगितला. लिंबागणेशच्या पुढं डावीकडं वळ, टेकडीच्या मागल्या अंगानं रस्ता हाय म्हणून."

चेअरमन बघतच राहिले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. "आरं, मंग बोलला का न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाई. तुमी सगळे चढ म्हणत होता."

खाली दरीत कोणीतरी गुरांना हाक मारत होते.

"तुला जायाचं न्हाई का वर?" चेअरमननी विचारले. आवाज खाली आला होता.

"जायाचं हाय."

"मंग जा की. मी कुणाला सांगणार न्हाई. हे बातमीदार बी न्हाई सांगणार."

मी मान हलवली. कंट्रोलर शिडीपाशी गेले. पहिल्या दांडीवर त्यांनी हात ठेवला आणि वर बघितले. शिडीच्या टोकाला नुसते आकाश होते. ते बराच वेळ तसेच उभे होते. मग त्यांनी हात काढला, बोटांना लागलेला गंज पँटीला पुसला आणि म्हणाले, "चला. बारीची गाडी चुकंल."

परत गेल्यावर पहिल्याच सभेत चेअरमननी पारावर उभे राहून सांगितले की उद्घाटनाचे पाणी टँकरचे होते, आणि टँकर त्यांनीच मागवला होता. ती सभा मी ऐकली. कोणी ओरडले नाही. मागून एकाने, "मंग माझं सीताफळ?" असे विचारले, तोच तो म्हातारा. लोक हसले. चेअरमननी पान पुन्हा सोडले. त्या महिन्यात माणसे कुदळी घेऊन पाइपलाइनवर आली. कंट्रोलरही सुट्टीच्या दिवशी येत आणि खणत. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत पुन्हा सीताफळ खाल्ले नाही. त्याचा शेवट पाण्याच्या आधी झाला.

पाइप जोडला गेला, पण तलाव कोरडाच होता. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघताना मी कॅबिनीत गेलो. कंट्रोलर म्हणाले, "तिकडं डोंगर न्हाईत." मी म्हणालो, नांदेडकडे माहूरचा डोंगर आहे. ते म्हणाले, "वर गेलात तर कळवा." मी माहूरला गेलो आणि त्यांना कळवले. त्यांनी रस्ता दिसतो का, ते विचारले.

पुढे एका वर्षी परतीच्या पावसात तलाव भरला. टाकीत पाणी पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी चेअरमनचा मला फोन आला. त्यांनी सांगितले ते असे.

सकाळी मोटार सुरू केली. सगळे गाव टेकडीवर टाकीपाशी होते. कंट्रोलर मात्र खाली, चारीच्या तोंडाशी थांबले होते. गावची ती टेकडीही शेवटी शेंडाच. पाणी आल्याची खात्री झाल्याशिवाय ते तिच्यावर जाणार नव्हते. चारीतून पाणी आले. चेअरमननी वरून हाका मारल्या, "ये की वर आता!"

"थांब," ते खालून म्हणाले. "टँकर असंल तर संपंल की."

ते चारीत पाय सोडून बसले. पाणी पायांवरून जात राहिले. लोक टेकडीवरून उतरून त्यांच्याभोवती जमले, मग जेवायला गेले, जेवून परत आले. पाणी चालूच होते. दुपार कलली तेव्हा ते उठले, तोंड धुतले, बूट हातात घेतले. लोकांना वाटले, आता टेकडीवर जातील. चेअरमन हार घेऊन वर गेले. कंट्रोलर घरी गेले आणि थोड्या वेळाने पिशवी घेऊन सडकेला आले. वहिनींना विचारले तर त्या म्हणाल्या, "स्वेटर घ्या म्हणलं, तर घेतला."

चेअरमन हार घेऊन टाकीवर उभे होते. तिथून त्यांना नगरची गाडी थांबलेली आणि सुटलेली दिसली.

कंट्रोलर वारल्यावर त्या वर्षीच्या माझ्या रजेत मी बारीला गेलो. वर जाऊन आलो. आकाश निरभ्र होते. भंडारदरा निम्म्याने रिकामा झाला होता; काठाचा लाल पट्टा माथ्यावरून दिसत होता. अलंगच्या अंगाला धूर होता. बारीच्या रस्त्यावर एक गाडी उभी होती, मग ती वळली. मी शिडी उतरून आलो. दगडावर कोणी बसलेले नव्हते.

हॉटेलवाल्याला कंट्रोलर आठवत होते. उंच, खाकी पँटचा, आधी मित्रांबरोबर येऊन शिडीखालून परतलेला माणूस. नंतरच्या खेपेला एकटाच आला, म्हणून लक्षात राहिला. ते बारीहून परत कधी गेले, हे त्याला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाला राजूरला बाजाराला गेला होता. आदल्या दिवसाचे मात्र त्याने नक्की सांगितले. सकाळपासून डोंगरावर ढग होते. शिड्यांच्या वर काही दिसत नव्हते. त्याने जाऊ नका म्हटले, पण ते गेले. दुपारी उतरले ते भिजलेले होते. त्याने विचारले, या वेळी वर गेलात का? ते म्हणाले, गेलतो. त्याने विचारले, काही दिसले का? ते म्हणाले, न्हाई. त्याने शेगडी पुढे सरकवली. त्यांनी स्वेटर काढून पिळला. मग त्यांनी विचारले, मुक्कामाला जागा मिळेल का.